डाव्या हाताची नाडी

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी देव यायचा. साडेसातच्या सुमारास यायचा आणि अंबूअत्यालाच भेटून जायचा. हे मी थट्टेनं लिहीत नाही. दूधवाला सहाला येतो म्हणावं इतक्या सहजपणे घरातले सगळे तेव्हा असंच बोलायचे. ‘अंगात येणं’ हा शब्द मात्र अप्पांना चालत नसे. अंगात येतं ते वेशीवरच्या देवीचं, आमच्याकडे ‘भाव लागतो’, असं ते बजावून सांगत. माझ्याकडे त्या कार्यक्रमात एकच काम होतं. शेवटची नामावळी सुरू झाली, लय चढली, की अत्याच्या पाठीमागं जाऊन दोन्ही हात पुढं करून उभं राहायचं. ती मागं कोसळली की झेलायचं. तीन वर्षं मी ते काम केलं आणि एकदाही तिला जमिनीला लागू दिलं नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

पश्चिम तांबरममध्ये, रेल्वेलाईनपासून दोन गल्ल्या आत आमचं भाड्याचं घर होतं. पुढं ओटा, मधे लांबट हॉल, मागं स्वयंपाकघर आणि त्याला लागून धान्याची खोली. वरच्या मजल्यावर दुसरं बिऱ्हाड. आम्ही तंजावरकडचे मराठी, म्हणजे कधी काळी राजांबरोबर खाली उतरलेल्यांचे वंशज. राज्य गेलं, राजे गेले, आमच्याकडे उरलं ते भजन, डांगर पच्चडीसारखे पदार्थ आणि एक अजब भाषा. माझं सासर साताऱ्याचं. आमच्या घरातलं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नवरा म्हणाला होता, “यापेक्षा तुमची तमिळ बरी समजते.” हे जे मी लिहिते आहे ते मराठी त्याच्याकडून शिकलेलं आहे. अत्यानं हे वाचलं असतं तर “कोण गे ही पुण्याची बाई?” असं विचारलं असतं.

त्या घराचे आवाज मला अजून वेगवेगळे काढून दाखवता येतील. पहाटे लोकल गाडीचा भोंगा, मग रस्त्यावरच्या हातपंपाचं कुरकुरणं आणि प्लास्टिकच्या घागरींची आदळआपट. दुपारी चारला रगडा, कारण दुसऱ्या दिवशीच्या इडलीचं पीठ रोज वाटायचं असे. आणि शनिवारी चिपळ्या. यातला लोकलचा भोंगा सोडला तर बाकी सगळे आवाज अंबूअत्याच्या डाव्या हातातून निघायचे.

अत्या अप्पांची धाकटी बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा गेला आणि ती आमच्याकडे परत आली. जन्माची डावखुरी. लहानपणी आजीनं हातावर चमचे मारून मारून तिला उजव्या हातानं जेवायला, फुलं वाहायला आणि लिहायला शिकवलं. चांगली कामं उजव्या हाताची. उरलेली डाव्यानं केली तरी कुणी काही म्हणत नसे, आणि घरातली उरलेली कामं सगळी अत्याकडेच असायची. चिपळ्या डाव्या हातात चालतात की नाही याचा काही नियम नव्हता, म्हणून त्याही तिथंच राहिल्या. आवाज मात्र तिला असा होता की त्याला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. वरच्या पट्टीत ती सहज जायची, जशी आपण माळ्यावरून डबा काढायला स्टुलावर चढतो.

मग तिला भाव लागायला लागला. पहिल्यांदा पडली तेव्हा आई घाबरली, कांदा हुंगवला, पाणी मारलं. मिनिटभरात तिनं डोळे उघडले. दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्या शनिवारी तेच. अप्पांनी नागोजी वैद्यांना बोलावलं. ते आमच्यातलेच, कुंभकोणमकडचे, आणि भजनात मृदंगाला बसणारे. त्यांनी अत्याचा डावा हात हातात घेतला, तीन बोटं मनगटावर ठेवली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

“नाडी नाही,” ते म्हणाले. “बाई पुढ्यात बसून बोलते, आणि नाडी नाही. आत गेली. योग्यांची जाते मणून ऐकलं होतं, आज पाहिलं.”

त्या दिवसापासून रगडा वाटणारी विधवा बहीण ही अंबूअक्का झाली. माणसं पल्लावरमहून, मांबळमहून शनिवारी येऊ लागली. बायका मुलांना तिच्या पायावर घालू लागल्या. पूर्वी ज्या तिला हळदीकुंकवाला बोलावत नसत त्याच आता तिच्या हातून विभूती मागू लागल्या. वैद्यांनी पथ्य सांगितलं ते असं: भाव लागला की तिला उचलून मागच्या धान्याच्या खोलीत निजवायचं, कानात तेलाचे बोळे घालायचे म्हणजे आतला नाद मोडत नाही, आणि भजन संपून शेवटचा माणूस जाईपर्यंत दार उघडायचं नाही. त्यामुळे अत्याला प्रसादाचं सुंडल कधीच मिळत नसे. दार उघडेपर्यंत चणे संपलेले असायचे आणि आई तिला कोमट दूध द्यायची. रगडा मात्र चालूच राहिला. देवमाणूस झाली तरी इडली सगळ्यांनाच हवी होती.

मला ह्यात शंका घ्यायचं कारण एका मंगळवारी मिळालं. अत्या हातपंपावर पिण्याचं पाणी भरत होती आणि मी घागरी सरकवत होते. तिसरी घागर अर्धी झाली आणि अत्या पंपाच्या दांड्यावरून घसरून खाली बसली, मग आडवी झाली. इथं तिला झेलायला मी तयार नव्हते, कपाळाला खोक पडली. रांगेतल्या बायकांनी हात जोडले. एक म्हणाली, ओठांवर नाम होतं, मी पाहिलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि तिच्या ओठांवर फक्त “घागर धर” होतं.

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट नियमानं होते म्हटलं की नियम कुठला ते पाहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. ह्या खोडीपायी मी घरातली दोन घड्याळं उघडून कायमची बंद पाडलेली होती. देवाला भजनात यावंसं वाटतं हे मला पटत होतं. पण पंपावर?

त्याच सुमारास मी तांबरमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते. प्रात्यक्षिकाच्या बाईंनी काम दिलं: दहा माणसांची नाडी मोजून आणा, दोन्ही मनगटांची, बसलेली असताना आणि काम केल्यावर. मी घरापासून सुरुवात केली. अप्पा अगदी फोटो काढायला बसावं तसे ताठ बसले. आईनं पोळी लाटता लाटता हात दिला. वरच्या बिऱ्हाडातले चौघं झाले. मग अत्या. डाव्या मनगटावर बोटं ठेवली. काही नाही. बोटं सरकवली, दाबली, उचलली. काही नाही. हात थंड होता, फ्रीजमधून काढलेल्या काकडीसारखा. वैद्यांचं खरंच होतं. वहीत डावी-उजवी असे दोन रकाने होते म्हणून केवळ मी तिचा दुसरा हात घेतला. आणि तिथं नाडी होती! टक, टक, टक, भरदार, अप्पांच्यापेक्षा चांगली.

मी नागोजी वैद्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर सुपारी कातरत होते.

“वैद्यमामा, अत्याची नाडी कुठल्या हाताची बघितली तुम्ही?”

“बाईमाणसाची डावी बघतात, पुरुषाची उजवी. हे काय विचारणं?”

“आणि तिची उजवी?”

“उजवी कशाला बघू? ती काय पुरुष आहे?”

“उजवीकडे नाडी आहे, मामा. मी मोजली. देव काय फक्त डाव्या हातात येतो?”

वैद्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी सुपारीचं तबक बाजूला सारलं. “घरी जा गे जानकी,” एवढंच म्हणाले.

आता माझ्या नातीच्या मनगटावर एक घड्याळ असतं. ती सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत जाते, आणि जिना चढली की ते घड्याळ तिला तिचे ठोके सांगतं. डाव्या हाताला बांधते. अत्याच्या हातावर ते बांधलं असतं तर बिचारं गप्पच बसलं असतं आणि नातीनं ते दुकानदाराला परत केलं असतं. मी मात्र माझी वही तशीच प्रात्यक्षिकाच्या बाईंना दाखवली होती. डावीकडचा रकाना कोरा पाहून बाई म्हणाल्या, “नाडी सापडत नाही तर शिकून घे, रिकामं सोडू नकोस.” म्हणून मी काम केल्यानंतरची नाडी मोजायचं ठरवलं. जे मी पुढं केलं ते आज कुठल्याही मुलीला मी करू देणार नाही. पण मी सतरा वर्षांची होते, आणि मला अत्याची काळजी होती त्यापेक्षा उत्सुकता जास्त होती, हे मी आता कबूल करते.

दुपारी चारला ती रगड्यापाशी बसली. घरात आम्ही दोघीच.

“अत्या, आज उजव्या हातानं वाट.”

“का गे?”

“बघायचंय.”

ती हसली, पण तिनं वाटलं. उजव्या हाताची सवय नव्हती, पीठ बाहेर सांडत होतं, घाम आला. मी घड्याळ लावून बसले होते. दहा मिनिटं झाली, काही झालं नाही. मग मी म्हटलं, आता डाव्यानं, आणि एरवी मधे मधे थांबून हात झटकतेस तशी थांबू नको. रगडा गरगरा फिरायला लागला. चौथ्या मिनिटाला ती म्हणाली, “जानकी, तू दोन दिसतेस.” पाचव्याला तिची मान कलली. मी तयार होते, झेलली. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी तिथं पिठात बसले आणि त्या मिनिटभरात मला पहिल्यांदा भीती वाटली. न भजन, न चिपळ्या, न देव. मी सांगितलं आणि ती पडली.

शुद्धीवर आली तेव्हा मी रडत होते. सगळं सांगून टाकलं: नाडी, रकाने, वैद्यमामा. मला वाटलं ती चिडेल. तीन वर्षांचा मान मी एका दुपारी मोडत होते. ती पदरानं हाताचं पीठ पुसत राहिली.

“एक सांगू? कोणाला बोलू नको,” ती शेवटी म्हणाली. “अस्के लोक विचारतात, अक्का, काय दिसलं? मी सांगते, सांगता येत नाही. खरंच आहे ते. काही दिसत नाही गे. काळोख. मला वाटायचं, देव येतो, आणि माझं तोंड बघून दिवा मालवून जातो. मी इतकी काय वाईट आहे मणून रोज रात्री विचारायची त्याला.” मग तिनं माझ्या गालाला पीठ लावलं. “रोग आहे मणतेस? नक्की?”

“नक्की काहीतरी आहे.”

“बरं झालं,” अत्या म्हणाली. असं ‘बरं झालं’ मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

अप्पांना सांगणं मात्र सोपं गेलं नाही. आठ दिवसांवर रुक्मिणीकल्याण, म्हणजे देवाचं लग्न, आलं होतं. वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, रविवारी सकाळपासून भजन आणि दुपारी जेवण. तंजावरहूनसुद्धा माणसं येणार होती, अक्काला बघायला. “कॉलेजात चार बेडूक कापले आणि देवाची परीक्षा घेते!” ते माझ्यावर ओरडले. “कल्याण होऊं दे. मग बघू.” तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून अत्या म्हणाली, “अण्णा, मी उद्या इस्पितळात जाणार. तू येतोस तर ये.” त्या घरात तिनं ‘मी’नं सुरू होणारं वाक्य अप्पांसमोर बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. अप्पा आले.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजला, उजव्याचा आणि डाव्याचा जुळेना. मग गळ्याच्या हाडावर नळी लावून त्या कान देऊन ऐकत राहिल्या. मलाही ऐकवलं, आत सूं सूं असा आवाज येत होता. पुढं तपासण्या झाल्या, पण गोष्ट त्यांनी त्याच दिवशी सांगितली. डाव्या हाताला रक्त नेणारी मोठी शीर सूज येऊन मुळाशीच अरुंद झाली आहे. हात स्वस्थ असेल तोवर भागतं. हात जोरात चालला की त्याला रक्त कमी पडतं, मग तो मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या शिरेतलं रक्त उलटं खाली ओढून घेतो. मेंदूला कमी पडलं की माणूस पडतं.

अप्पा एकदम पुढं सरकले. “खालच्यांनी मोटर लावली की वरच्या बिऱ्हाडाचा नळ कोरडा! आमच्याकडे रोज भांडण होतं.”

“अगदी तेच,” बाई म्हणाल्या. “आणि एखाद्या दिवशी त्या पडतील त्या उठणारच नाहीत, किंवा उठतील तर अर्धं अंग लुळं असेल. गोळ्या देते, पुढं ऑपरेशन लागेल. तोवर ह्या हातानं काही करायचं नाही.”

ऑपरेशन झालं आणि अत्या त्यानंतर इतकी वर्षं जगली की माझ्या मुलांना रागवायलाही उरली. पण परतीच्या गाडीत हे कुणाला ठाऊक होतं? अप्पा खिडकीबाहेर बघत होते. सेंट थॉमस माउंट गेलं तेव्हा हळूच म्हणाले, “कल्याणाला येणाऱ्यांना काय सांगायचं?”

“मी गाणार मणून सांग,” अत्या म्हणाली.

ते आठ दिवस ती मागच्या पायरीवर बसून उजव्या हातानं चिपळ्या वाजवायला शिकत होती. ताल अडखळायचा, बोटांतून चिपळी निसटून पडायची. पीठ मी आणि आई वाटत होतो, आणि माझी इडली दगडासारखी होते हे त्या आठवड्यात सिद्ध झालं. घागरी अप्पा भरायचे. पंपावरच्या बायका हसायच्या, ते मान खाली घालून भरायचे.

रविवारी हॉल फुलला, ओटा फुलला, माणसं रस्त्यावर चपला काढून उभी राहिली. अत्यानं डावा हात पदरात गुंडाळून कमरेशी खोचला होता. नागोजी वैद्य मृदंग घेऊन बसले, तिच्याकडे बघायचं टाळत होते. ती गायली. सावकाश अभंग, मग तमिळ कीर्तनं म्हणतात ती पदं, मग नामावळी. ताल जरा मागं पडत होता, पण आवाज कुठंच पडत नव्हता. शेवटच्या नामावळीला लय चढली तशी मी उठून तिच्यामागं जाऊन हात पुढं करून उभी राहिले. डॉक्टरबाईंवर माझा विश्वास होता, तरीपण उभी राहिले. लोकांच्या माना उंचावल्या. आता पडणार. आता. नामावळी टिपेला गेली, थांबली, आणि अत्या उभीच होती. हॉलमध्ये इतकी निराशा पसरली की मला हसू आलं. “आज देव नाही आला,” दाराशी एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, आणि चार-सहा माणसं चपला शोधायला उठलीसुद्धा.

आता राहिलं होतं मंगळ. भजनाचं शेवटचं गाणं ते. आमच्याकडे ते एरवी गुणगुणायचंही नसतं, भजन संपतानाच म्हणायचं. अत्यानं डोळे मिटून सुरुवात केली आणि सगळ्यांनी तिच्या मागून. दुसऱ्या शब्दालाच गडबड झाली. ती एका चालीत, बाकी सगळा हॉल दुसऱ्या चालीत. ती थांबली. मग मृदंग थांबला. ती गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली.

“ही कुठली चाल, अण्णा?”

अप्पांनी हातातली झांज मांडीवर ठेवली. “चाल बदलली आपण, अंबू. तीन वर्षं झाली. जुन्या चालीतला वरचा सूर कोणाला लागत नव्हता मणून.”

“मला लागतो की.”

“तू आत होतीस.”

हे म्हणताना अप्पांचा चेहरा बदलला. आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर ऐकू आलं असावं. तीन वर्षं दर शनिवारी, कानात तेलाचे बोळे घालून, दार लावून, धान्याच्या पोत्यांपाशी. आणि इकडे आम्ही मंगळ म्हणून चणे खाऊन मोकळे. अप्पांनी डोळे पुसले, लपवलेसुद्धा नाहीत. “जुनीच मणू या,” ते म्हणाले आणि त्यांनीच सुरुवात केली, बेसूर.

जुनी चाल म्हाताऱ्यांना आठवत होती, बाकीचे त्यांच्या मागून आले. चपला शोधणारे दारातच थांबले. ती चाल वरवर चढत गेली, आणि जिथं तो सूर होता तिथं एकेक आवाज गळत गेला, अप्पांचा, वैद्यांचा, सगळ्यांचा. मग अत्या एकटी वर गेली, तिथं थोडी थांबली, आणि सावकाश खाली आली. तिचे पाय जागच्या जागी होते. तिच्यामागं मी, दोन्ही हात पुढं केलेले, तशीच उभी होते.